भिंतीबाहेरचा कट्टा

येलहंक्याचं घर आपण आई-अण्णांसाठी घेतलं असं भार्गवी सगळ्यांना सांगायची, आणि ते काही खोटं नव्हतं.

आई-अण्णा बेंगळुरातच जयनगरात राहत होते ते पहिल्या मजल्यावर, भाड्याच्या घरात. आई, म्हणजे विमलाबाई, लग्न होऊन त्या घरात आल्या. भार्गवी तिथंच लहानाची मोठी झाली आणि तिथूनच सासरी गेली. अण्णा, म्हणजे प्राणेशराव, टेलिफोनच्या कारखान्यातून निवृत्त झाले त्या दिवशी गळ्यात हार घालून तोच जिना चढले होते. पण आता तो जिना विमलाबाईंच्या गुडघ्यांना झेपेना. त्यात घरमालकाच्या मुलांनी घर पाडून तिथं अपार्टमेंट बांधायचं ठरवलं. भार्गवीची मुलगी शिकायला बाहेरगावी गेली होती. भार्गवीनं आणि तिच्या नवऱ्यानं, रविकिरणनं, विचार केला, सर्जापूर रोडवरच्या एवढ्या मोठ्या फ्लॅटमध्ये आपण दोघंच कशाला राहायचं? फ्लॅट विकला आणि येलहंक्याला एक जुनं, बैठं घर घेतलं. पुढं ऐसपैस अंगण, कोपऱ्यात आंबा, एक चिकू, आणि चहूबाजूंनी माणसाच्या डोक्याहून उंच कंपाउंडची भिंत.

भार्गवी कुठलंही काम हातात घेतलं की तडीस नेणारी. तिनं न्हाणीघरात धरायला दांडे बसवले, निसरड्या फरश्या काढून खरखरीत घातल्या, आई-अण्णांची खोली सकाळचं ऊन येईल अशी पुढच्या बाजूला ठेवली. अंगणात गालिच्यासारखं गवत लावून घेतलं, कडेनं चालायला दगडी वाट केली, आंब्याखाली झोपाळा टांगला. आई झोपाळ्यावर बसली आहे, अण्णा शेजारी पेपर वाचताहेत, असं चित्र कितीतरी दिवस तिच्या डोळ्यांसमोर होतं.

दिवाळी झाली आणि सगळे नव्या घरात राहायला आले. पण चित्र काही जमेना. विमलाबाई झोपाळ्यावर बसायच्या, नाही असं नाही. भार्गवी समोर असली की बसायच्या. तिची पाठ वळली की उठून आत यायच्या. घरातही त्यांचं वागणं कसं पाव्हण्यासारखं होतं. "भार्गवी, मिक्सर लावू का गं? तुझं फोनवरचं काम नाही ना?" "हे पातेलं घेऊ की दुसऱ्या कशाला ठेवलंयस?" जयनगरच्या स्वयंपाकघरात जिच्या परवानगीशिवाय चमचा हलत नसे, तीच बाई इथं डबा उघडताना मुलीच्या तोंडाकडे बघायची. भार्गवी म्हणायची, "आई, तुझंच घर आहे की!" विमलाबाई मान डोलवायच्या आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारायच्या.

अण्णांचा स्वभाव वेगळा. त्यांनी खुर्ची कुठं ठेवायची ते पहिल्याच दिवशी ठरवलं आणि तिच्यावर बसून राहिले. जवळच हवाई दलाचा तळ असल्यामुळे डोक्यावरून विमानं जायची. ती आली की अण्णा कानातलं मशीन काढून खिशात टाकायचे आणि मग बराच वेळ परत लावायला विसरायचे. त्यामुळे घरात काय चाललंय याचा त्यांना निम्माच पत्ता असायचा.

एक गोष्ट मात्र भार्गवीच्या ध्यानात आली होती. आई सकाळी दूध घ्यायला गेटपर्यंत जायची ती लवकर परतायचीच नाही. गेटचे गज धरून उभी राहायची. भार्गवी खिडकीतून हाक मारायची, "आई, उभी राहू नकोस इतका वेळ, गुडघे दुखतील." आई मुकाट्यानं आत यायची.

डिसेंबरातल्या एका संध्याकाळी भार्गवी ऑफिसातून आली आणि गेट उघडून जागच्या जागी थांबली. अंगणातलं निम्मं गवत नाहीसं झालं होतं. चटया गुंडाळाव्यात तशा त्याच्या वळकट्या करून भिंतीला लावून ठेवल्या होत्या. उघड्या तांबड्या मातीत बागकामाला येणारा मल्लाप्पा कुदळ चालवत होता, आणि अण्णा डोक्याला लोकरी टोपी घालून खुर्चीत बसून त्याला हातानं रेघा दाखवत होते.

"अण्णा, हे काय?"

"वांगी," अण्णा म्हणाले. "पलीकडच्या बाजूला भेंडी."

"पण गवत! किती मेहनतीनं लावून घेतलं मी. मला निदान विचारायचं तरी!"

अण्णांनी खिशातून मशीन काढून कानाला लावलं, म्हणजे आता बोलणं व्हायचंच असं त्यांनी धरलं असावं. मल्लाप्पाला म्हणाले, "स्वल्प थांब रे." मग भार्गवीकडे वळून हळू आवाजात म्हणाले, "दुपारी तुझी आई मला म्हणाली, आपण परत केव्हा जायचं हो? मला वाटलं, तिला भ्रम बिम झाला की काय. तसं नव्हतं. ते घर पाडलंय हे तिला ठाऊक आहे. तोंडातून निघून गेलं तिच्या. मी विचार केला, हिचं इथं मन का लागत नाही? जयनगरला गच्चीवर तिच्या कुंड्या होत्या. सकाळ-संध्याकाळ वर जायची. इथं सगळं गवतच गवत. हात घालायला माती कुठाय?"

भार्गवीचा राग अर्धाच उतरला. आपण एवढं सगळं केलं आणि आई परत जायचं म्हणते, हे तिला झोंबलं होतं. "मला का नाही सांगितलं तिनं?" एवढंच ती म्हणाली.

"सांगणार कशी?" दारातून आवाज आला. विमलाबाई चौकट धरून उभ्या होत्या. त्यांचा आवाज चढला नव्हता, पण तो ऐकून मल्लाप्पानंसुद्धा कुदळ खाली ठेवली. "हिनं गवत लावलं तेव्हा मला विचारलं नाही. तुम्ही उपटलंत तेव्हाही विचारलं नाही. अहो, वांगी पाहिजेत असं मी कधी म्हटलं तुम्हाला? माझ्यासाठी, माझ्यासाठी म्हणून दोघं अंगण उलटंपालटं करताय, आणि मी आपली आत बसून बघतेय, आता माझ्यासाठी काय होणार म्हणून!"

अण्णा टोपी काढून डोकं खाजवू लागले. शेवटी भार्गवीनं विचारलं, "मग तुला काय पाहिजे, आई?"

विमलाबाई पटकन उत्तर देतील असं वाटलं होतं. पण त्याच गोंधळल्या. हा प्रश्न अनेक वर्षांत त्यांना कुणी विचारला नसावा. "बघते," त्या म्हणाल्या. "असं एकदम काय सांगू?" आणि आत निघून गेल्या.

पुढचे काही दिवस भार्गवीनं उरलेल्या गवताचा विषय काढला नाही, अण्णांनी वांग्यांचा काढला नाही. रविकिरण कामात डोकं घालून दोघांच्या मधून पाण्यासारखा वाहत होता. विमलाबाई मात्र विचार करत होत्या. भाजी चिरता चिरता थांबायच्या, वेणी घालता घालता थांबायच्या.

रविवारी सकाळी भार्गवी अंगणात कॉफी पीत होती. विमलाबाई आल्या, झोपाळ्याकडे न जाता गेटजवळ गेल्या आणि तिला हाक मारली. "इथं ये. गेट उघड."

भार्गवीनं गेट उघडलं. दोघी रस्त्यावर आल्या. समोरच्या घरात कुणी चटणी वाटत होतं. एक माणूस सायकलीवर केळीची पानं घेऊन चालला होता. पलीकडच्या वळणावर मुलं क्रिकेट खेळत होती आणि चेंडू कुणाच्या गाडीखाली गेला म्हणून कन्नडमध्ये कडाक्याचं भांडण चाललं होतं.

"हे," विमलाबाई म्हणाल्या.

"काय हे?"

"हे मला दिसत नाही. आत बसलं की भिंत दिसते, झाडं दिसतात आणि आकाशातली ती विमानं दिसतात." मग त्या जरा लाजल्यासारख्या हसल्या. "तुझे अण्णा समजतात मी कुंड्यांसाठी गच्चीवर जायची. अगं, कुंड्यांना पाणी घालायला कितीसा वेळ लागतो? वरून सगळी गल्ली दिसायची. कुणाकडे पाव्हणे आले, कुणाच्या सुनेनं धुणं कुठं वाळत घातलं, कोण कुणाशी बोलेनासं झालं. गॅलरीतून भाजीवाल्याला हाक मारावी, टोपली सोडावी, त्याच्याशी घासाघीस करावी. तुला झाडं पाहिजेत, शांतता पाहिजे. तू दिवसभर माणसांत असतेस. मला शांतता घेऊन काय करायची? मला माणसं दिसायला पाहिजेत."

ज्या शांततेसाठी भार्गवी वर्षानुवर्षं झुरत होती, ती तिनं आईच्या नावावर विकत घेतली होती. हे तिला त्या रस्त्यावर, हातात थंड होत चाललेली कॉफी धरून उभं असताना कळलं. वाईट वाटलं, आणि थोडं हसूही आलं.

"मग काय करायचं? भिंत पाडायची?" तिनं विचारलं.

"सगळी कशाला? एवढीशी." विमलाबाईंनी दोन्ही हात पसरून दाखवलं. "इथं गेटाशेजारी भिंत जरा आत घ्यायची. पुढं जी जागा सुटेल तिथं कट्टा बांधायचा. उठता-बसता येईल असा, पाठ टेकायला मागं भिंत." म्हणजे त्यांचा सगळा विचार पक्का झाला होता.

रविकिरणला पटेना. "आई, रस्त्यावरचं कुणीही येऊन बसेल तिथं."

"बसू दे की," विमलाबाई म्हणाल्या. "त्यासाठीच तर कट्टा."

"सरी, बरं," म्हणून रविकिरणनं हात जोडले.

मल्लाप्पानं गवंडी आणला. भिंतीचा तुकडा पाडला, अंगणाचा एक कोपरा रस्त्याच्या बाजूला गेला आणि तिथं करड्या दगडाचा कट्टा झाला. भार्गवीनं त्यावर छोटं छप्पर घालून घेतलं. या वेळी "उतार कुठल्या बाजूला करू?" म्हणून आधी आईला विचारलं. अण्णा उघडी माती बघून दोन दिवस ओशाळे झाले होते. मग उकरलीच आहे तर म्हणून त्यांनी वांग्याची रोपं आणवली. त्यांना शेतीतलं ओ की ठो कळत नव्हतं. पण सकाळी उठून कुठलं पान कालच्यापेक्षा मोठं झालं हे बघण्यात त्यांचा वेळ बरा जाऊ लागला. रोपांशी ते मोठ्यानं बोलतात हे भार्गवीला बऱ्याच उशिरा कळलं.

कट्ट्यावर पहिले काही दिवस विमलाबाई एकट्याच बसल्या. जाणारे-येणारे बघायचे आणि पुढं जायचे. भार्गवीला खिडकीतून ते बघवेना, पण ती बाहेर गेली नाही. आईला हाकही मारली नाही.

मग एका सकाळी समोरच्या घरातली बाई रस्ता ओलांडून आली. हातात अवरेकायच्या, म्हणजे पावट्याच्या, शेंगांची भली मोठी पिशवी. थंडीत बेंगळुरात घरोघरी याच शेंगा, आणि सोलून सोलून बायकांची नखं काळी.

तिनं आधी कन्नडमध्ये काहीतरी विचारलं. विमलाबाईंनी कन्नडमध्येच उत्तर दिलं, पण बोलता बोलता शेंगांकडे बघून "अगं बाई, किती या!" असं तोंडून गेलं. ती बाई एकदम खुलली.

"तुम्ही मराठी व्हय? मी निपाणीची. धनलक्ष्मी माझं नाव. इथं येऊन वीस वरसं झाली, पर आमच्या लेनीत मराठी बोलाय कोण न्हाई बघा. तुमी येकट्याच बसलेल्या रोज बघालोय मी. म्हटलं, बोलावं का नको, मोठ्या घरची माणसं."

"मोठं घर भिंतीच्या आत," विमलाबाई म्हणाल्या. "कट्टा रस्त्यावर आहे. बसा की."

"अक्का, मला अहो-जाहो नको."

"बरं, बस."

पिशवी मधे ठेवून दोघी सोलायला बसल्या. दुसऱ्या दिवशी आणखी एकजण आली, सोललेले दाणे ठेवायला आपल्या घरचं सूप घेऊन. संक्रांतीपर्यंत त्या कट्ट्यावर जागा मिळेनाशी झाली. तिळगुळाबरोबर खोबरं, शेंगदाणे आणि उसाच्या गंडेऱ्या घेऊन नटलेल्या मुली गल्लीत घरोघर फिरत होत्या, आणि विमलाबाई प्रत्येकीला "कुणाची गं तू?" विचारून तिची वंशावळ काढत होत्या.

संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी भार्गवी ऑफिसातून लवकर परतली. ऊन अजून होतं. अण्णा आतल्या बाजूनं भिंतीशी वाकून रोपांना पाणी घालत होते. त्यांचं अर्धं लक्ष भिंतीपलीकडच्या बोलण्याकडे असावं, कारण कानातलं मशीन जागच्या जागी होतं. कट्ट्यावर विमलाबाई, धनलक्ष्मी आणि आणखी दोघी. धनलक्ष्मीच्या मुलाचं लग्न ठरत होतं, मुलगी येलहंक्याचीच, आणि मुलीच्या मावशीनं काहीतरी वाकडं बोलून ठेवलं होतं. त्यावर काय करावं याचा खल चालला होता.

भार्गवी गेट उघडून आत जाणार, तोच विमलाबाईंनी धनलक्ष्मीला कोपरानं ढकललं. "सरक जरा." मग मुलीकडे बघून म्हणाल्या, "ये, बस. तू ऑफिसात एवढ्या माणसांना सांभाळतेस. ही मावशी कशी सांभाळायची ते सांग."

भार्गवीनं खांद्यावरची पिशवी खाली ठेवली. कट्ट्यावर थोडीच जागा होती, तिच्यात ती कशीबशी मावली. "आधी मावशी काय म्हणाली ते नीट सांगा," ती म्हणाली, आणि सगळ्या एकदम बोलू लागल्या.