चुकीच्या जागी पडलेली ओळ

मी एक ओळ आहे. तीनशे अक्षरांची. मला अर्थ नाही, आवाज नाही. तरी आज बोलणार आहे, कारण एका घराचं मी जे केलं ते मला अजून पचलेलं नाही.

तुमच्या शरीरातल्या जवळजवळ प्रत्येक पेशीत तुम्हाला घडवणारी एक लांबलचक पोथी असते. तीत मी दहा लाखांहून जास्त वेळा लिहिलेली आहे. मला कुणी बोलावलं नव्हतं. सहा कोटींहून जास्त वर्षांपूर्वी, झाडावर राहणाऱ्या एका चिमुकल्या जीवात माझी नक्कल झाली, मग नकलेची नक्कल. त्याचे वंशज माकडं झाले, वानर झाले, माणसं झाले. झाडं सुटली, शेपट्या गेल्या, मी काही गेले नाही. एखाद्या वानराची पोथी तुमच्या पोथीशेजारी उघडा. बहुतेक ठिकाणी मी त्याच पानावर, त्याच जागी दिसेन. शास्त्रज्ञांनी कितीतरी वर्षं मला अडगळ म्हटलं. मला वाईट वाटलं नाही. अडगळ निदान कुणाचा जीव घेत नाही.

पण फार क्वचित माझी एखादी नवी नक्कल सुटते आणि कुठंतरी जाऊन पडते. कुठं, ते माझ्या हातात नसतं. एकदा ती एका सुताराच्या बीजात पडली, जखमेतलं रक्त गोठवायला सांगणाऱ्या मजकुराच्या ऐन मध्यावर. त्या बीजातून सुताराला मुलगी झाली. तिला काही झालं नाही, कारण त्या मजकुराची दुसरी, धड प्रत तिच्याकडे होती. ती मोठी झाली, लोकांचे कपडे शिवू लागली. तिला मुलगा झाला. मुलग्यांना ह्या मजकुराची एकच प्रत मिळते, आईकडून. माझीवाली.

जरा कुठं आपटला की त्याच्या अंगावर निळा डाग उठायचा. "नाजूक आहे," म्हणायचे सगळे. सात वर्षांचा असताना त्याचा दात हलू लागला. दिवसभर त्यानं भुणभुण लावली, तेव्हा आईनं रिळाचा दोरा तोडून दाताला बांधला.

"आई, राहू दे ना. पडेल आपोआप."

"डोळे मीट. कळणारसुद्धा नाही."

खरंच कळलं नाही त्याला. पण रक्त थांबेना. डॉक्टरांनी बोळा दाबून घरी पाठवलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशी तिनं त्याला खांद्यावर टाकून मोठ्या दवाखान्यात नेलं. तोवर तो कागदासारखा पांढरा पडला होता. ती रिकाम्या हातांनी परत आली.

घरात कुणी तिला बोल लावला नाही. नवऱ्यानं नाही, सासूनंही नाही. त्यानंच ती जास्त खचली. शिवणयंत्रावर तिनं चादर टाकली ती टाकलीच. दात मात्र बटणांच्या डबीत जपून ठेवला.

धाकटी मुलगी तेव्हा चार वर्षांची होती. ती पुढे संशोधक झाली. माकडांत, वानरांत आणि माणसांत मी कुठंकुठं आहे हे पडताळणं हेच तिचं काम. एका सुट्टीत तिनं आईकडे तो दात मागितला. आईनं डबी पुढे केली, पण तिच्यावरचा हात काही उचलवेना. शेवटी मुलीनंच एकेक बोट सोडवलं.

दाताच्या चिमूटभर पुडीतून तिनं भावाची पोथी वाचली. माकडावानरांच्या पोथ्यांत रक्ताचा तो मजकूर त्या जागी स्वच्छ होता. भावाच्या पोथीत तिथं मी होते. मग तिनं आईचं रक्त तपासलं. दोनपैकी एका प्रतीत मी होते. स्वतःचं तपासायचा धीर व्हायला तिला आठ दिवस लागले. तिच्यात मी त्या जागी नाही.

त्यानंतर ती आईला प्रयोगशाळेत घेऊन गेली. पडद्यावर सगळी अक्षरं होती.

"म्हणजे मी दोरा बांधला नसता तर?"

"दात आपोआप पडला असता तरी रक्त थांबलं नसतं, आई. आजार ओळखणारं कुणी हवं होतं."

"मग माझा हात नव्हता. माझं रक्त होतं."

"तुझंही नाही गं. ही ओळ आपल्या कितीतरी आधीची. माकडांतसुद्धा आहे."

"मग त्यांची पिल्लं?"

"त्यांच्यात ह्या जागी नाही."

"बरं आहे," आई म्हणाली. मग तिनं पडद्याच्या काचेवर बोट टेकवलं. नेमकं माझ्यावर.

"हिला काही कळतं का गं?"

"नाही, आई. हिला काहीच कळत नाही."

"मग राग तरी कुणावर धरायचा," ती म्हणाली आणि पदरानं काचेवरचा बोटाचा ठसा पुसला. त्या दुपारी घरी येऊन ती गाढ झोपली. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच.

त्या जागेवरची मी आता जगात फक्त तिच्यात उरले आहे. ती सत्तरीची आहे. ती जाईल तेव्हा ही नक्कलही संपेल. बाकी दहा लाख जागी मी राहीनच, तुमच्यातसुद्धा.

तुमची नि तिची कधी गाठ पडली, तर एवढं करा. मी तुमच्याशी बोलले, हे तिला सांगू नका.