डांबऱ्याचा फुगा

बुधवारी दुपारी नजीबा सिद्दीच्या घराला कड आली. काळी, शाईची, बोटभर जाड, चारही बाजूंनी.

निळी पेन्सिल छापखान्याच्या कॅमेऱ्याला दिसत नाही.

शेजारच्या सुलभाताई लेल्यांनी कुकर लावून अर्धा तास झाला होता आणि एकही शिट्टी ऐकू आली नव्हती.

जाहिरात आली की तिसरी चौकट कापतात.

'कप्तान गलबते' ही चार चौकटींची चित्रमालिका बावीस वर्षं दर रविवारी छापून आली. त्यातला कप्तानाचा नोकर डांबऱ्या एकदाही बोलला नाही.

कड पुसून निघेना. नजीबाने ओलं फडकं फिरवलं, मग नखाने खरवडून पाहिलं. ती कोणी काढली यापेक्षा ती आतून काढलीय की बाहेरून, हे तिला हवं होतं. तिने कोपरे तपासले. चारही कोपऱ्यांत रेघ एकमेकींना अगदी बरोबर मिळाली होती. आत उभं राहून एवढं जमत नाही, हे तिला वडिलांमुळे ठाऊक होतं.

नजीबा पनवेलला दोन खोल्यांत एकटी राहायची आणि आठवड्यातून एकदा 'छापून आलेलं' नावाचा पॉडकास्ट करायची. जुन्या वर्तमानपत्रांतल्या चित्रमालिकांत कोण कसा काढला गेला, कोणाला नाक मिळालं आणि कोणाला नुसते ओठ, हा तिचा विषय. सात एपिसोड झाले होते. आठवा तिच्या अब्बांचा होता.

याकूब सिद्दी मुरुडहून मुंबईला गेले आणि 'पश्चिमवारा' या दैनिकाच्या चित्रविभागात मदतनीस म्हणून लागले. काम एकच. चित्रकार देवस्थळी रेघा काढायचे आणि जिथे काळं हवं तिथे निळ्या पेन्सिलीने बारीकशी फुली मारायचे. टोपी, बूट, छत्री, होडीचा तळ. याकूब ब्रश घेऊन फुल्या भरत जायचे. सगळ्यांत जास्त फुल्या डांबऱ्याच्या अंगावर असायच्या, हातांवर, मानेवर, चेहऱ्यावर. शेवटी राहायचे ते दोन गोल पांढरे डोळे आणि जाडजूड ओठ. डांबऱ्या काढायला बसले की देवस्थळी म्हणायचे, "याकूब, जरा वाकून उभा राहा रे." याकूब वाकून उभे राहायचे. मग खाली बसून स्वतःला भरायचे.

मुरुडच्या शाळेत पोरं नजीबाला डांबऱ्याची पोर म्हणायची. ती म्हणायची, "आहेच," आणि दप्तराने हाणायची.

बावीस वर्षांत एकाच रविवारी डांबऱ्याच्या डोक्यावर बोलण्याचा फुगा आला. छापून आला तो संपूर्ण काळा. वाचकांची पत्रं आली. संपादकांनी याकूबना बोलावलं, तेव्हा ते म्हणाले, "फुली होती. मी भरली." देवस्थळी म्हणाले, फुग्यात फुली मी कशाला मारीन? याकूबना गोदामात कागदाच्या रिळांवर लक्ष ठेवायला बसवलं, आणि डांबऱ्याला पुन्हा फुगा मिळाला नाही.

मार्चमध्ये अब्बा गेले. त्याआधी नजीबाने हे सगळं त्यांच्याच तोंडून फोनवर रेकॉर्ड करून ठेवलं होतं. एक्केचाळीस मिनिटं. अब्बांचा आवाज जगात तेवढाच उरला होता. बुधवारी सकाळी तिने तो एपिसोड 'बोलघर'वर चढवला. बोलघर म्हणजे तिचा पॉडकास्ट लोकांपर्यंत नेणारा प्लॅटफॉर्म. पाच मिनिटांत निरोप आला. 'तुमच्या एपिसोडमध्ये दुसरा आवाज आढळला नाही. काळजी करू नका. मदत निघाली आहे.'

मग कड आली. कडेमागून मदत आली.

दारावर टकटक झाली नाही. दार उघडंच काढलेलं होतं.

"नमस्कार ताई. मंदार पोतनीस. निर्माता साहाय्य." माणूस इस्त्रीच्या शर्टात होता, गळ्यात ओळखपत्र, कानामागे निळी पेन्सिल. समोरून तो नीट दिसत होता. चप्पल काढायला बाजूला वळला तेव्हा त्याची नुसती उभी रेघ झाली.

"मी कोणाला बोलावलं नव्हतं," नजीबा म्हणाली.

"निर्माते कधीच बोलावत नाहीत. हीच तर आमची अडचण आहे. छान आहे हो घर. आवाज फार घुमतो मात्र."

त्याने पिशवीतून करड्या फोमच्या लाद्या काढल्या आणि भिंतीला लावू लागला. एक लादी लागली की भिंत वीतभर पुढे यायची. खिडकीपाशी लावली तेव्हा खिडकी कपाटाला टेकली. नजीबा स्वयंपाकघराकडे पाहायला वळली, तर दोन खोल्यांच्या मधे पांढरा पट्टा पडला होता. कोऱ्या कागदासारखा पांढरा. पट्ट्यापलीकडे दुसऱ्या कडेत तिचा ओटा होता, आणि ओट्याशी सुलभाताई उभ्या होत्या. त्यांच्या डोक्यावर पांढरा फुगा तरंगत होता आणि त्या बोलतील तसतशी त्यात अक्षरं उमटत होती.

"अगं नजीबा, माझी शिट्टी तुझ्या भिंतीवर आलीय बघ! 'फुस्स' असं लिहिलंय. आणि हे पाहुणे कोण गं? अंगात काहीच दिसत नाही यांच्या. जेवतात की नाही?"

"कंपनीचे आहेत, ताई."

"मग चहा देऊ नकोस. बसतात."

फुगा मिटला. सुलभाताईही त्याबरोबर गेल्या.

"शेजार चांगला आहे," मंदार म्हणाला. "आता रेकॉर्डिंग लावा पाहू."

नजीबाने फोन टेबलावर ठेवला आणि सुरू केला. अब्बा बोलू लागले. चहाच्या ग्लासात चमचा वाजला. तिला सगळं स्वच्छ ऐकू येत होतं.

'अब्बा, फुग्यात काय लिहिलं होतं?'

'फुली होती, बेटा. फुली दिसली की भरायचं. बारा वर्षं दुसरं केलंय काय?'

'पण ती घातली कोणी?'

आणि अब्बा हसले. खोकला येईपर्यंत हसले.

मंदारने डोक्यावरचे हेडफोन काढले. "शांतता आहे. चांगल्या प्रतीची शांतता आहे, पण शांतताच."

"तुम्हाला ऐकू येत नाही?"

"दिसतंय ना. बघा की."

फोनमधून फुगे निघत होते. तिच्या प्रश्नांचे पांढरे, अब्बांचे काळे. काठोकाठ भरलेले. एकाला तिने बोट लावलं. शाई ओली होती.

"भरलेला फुगा आमची यंत्रणा शांतता धरते," मंदार म्हणाला. "शांततेला श्रोते थांबत नाहीत. पण आम्ही सोडत नाही हो निर्मात्याला. वडिलांचा भाग आम्ही दुसऱ्या आवाजात करून देऊ. आमच्याकडे एक कलाकार आहेत, तसलेच आवाज काढतात. आणि खरं सांगू? तुमच्या समाजाचं आमच्याकडे कोणीच नाही. ती चौकट कधीची रिकामी आहे."

"आणि अब्बांचं रेकॉर्डिंग?"

"त्याच्याच जागी नवं बसेल."

"माझ्या फोनमधलं राहील ना?"

"चढवलंत की फोनमधलं आणि आमचं एकच. अटींमध्ये आहे. तुम्ही फक्त तोंडाने मंजुरी द्यायची. एक ओळ. चौथ्या चौकटीत."

नजीबाने त्याच्याकडे नीट पाहिलं. चौथ्या चौकटीत विनोद असतो, अब्बा सांगायचे. त्याआधी कोणी हसायचं नसतं. मंदार पोतनीसने आल्यापासून हसू गालात धरून ठेवलं होतं.

ती पहिल्या चौकटीत आहे असं ती धरून चालली होती. तिने आजूबाजूला पाहिलं. दाराच्या जागी कड होती. दार मागच्या पट्ट्यापलीकडे राहिलं होतं, आणि त्यात मंदार अजून चप्पल काढत होता. म्हणजे ही दुसरी. अजून एक मधली चौकट आहे, तिने हिशेब केला. तिसरीत फोन घ्यायचा, पट्टा ओलांडायचा आणि सुलभाताईंकडे जायचं.

तिने फोन उचलला. हाताला चारच बोटं होती. तीन आणि अंगठा. पाचवं कुठे गेलं हे पाहायला तिने हात उजेडात धरला, तेव्हा मनगटावर निळी फुली दिसली. मंदारची पेन्सिल कानामागे नव्हती.

"हे काय केलंत?"

"जागा धरून ठेवल्यात. भरायच्या आहेत."

फुलीभोवतीची कातडी पांढरी होत गेली. कोपरापर्यंत. तिथेही फुली होती. दंडावर होती. तिने मानेला हात लावला, मान गुळगुळीत कागदाची लागली. स्टीलच्या पेल्यात तिने चेहरा पाहिला. बाह्यरेघ तीच होती. डोळे गोल होते. ओठ तिच्यापेक्षा आधी पेल्यात पोचले होते. बाकी सगळं कोरं, गालांवर दोन फुल्या आणि कपाळावर एक.

"भरणार कोण?" तिने विचारलं.

"तुम्हीच." मंदारने कपाट उघडलं. अब्बांची शाईची बाटली आणि ब्रश कुठल्या खणात आहे हे त्याला विचारावं लागलं नाही. "घराण्याचं काम आहे. आम्ही स्थानिक कौशल्याला वाव देतो."

नजीबाने फोन ओच्यात टाकला आणि पट्ट्यावर पाय दिला. पलीकडे तिसरी चौकट नव्हती. तिथे एका साबणाच्या वडीचं मोठं चित्र होतं आणि त्यातली बाई गोरीपान हसत होती.

"मधे जाहिरात आहे," मंदार मागून म्हणाला. "तिसरी कापली. जागाच नव्हती हो."

तिचा पाय खाली टेकला तो चौथ्या चौकटीत.

इथे घर नव्हतं. होडीचा डेक होता, बादली होती, कुंचा होता, आणि बादलीशेजारी अब्बांची शाईची बाटली आणि ब्रश होता. मंदारने कप्तानाची टोपी घातली होती आणि तो बादलीत फडकं पिळत होता. नजीबा वाकून उभी होती. सरळ व्हायला गेली तर डोकं कडेला लागत होतं. डोक्यावर तिचा फुगा आधीच आलेला होता. पांढरा. आत सुबक अक्षरांत ओळ लिहून ठेवली होती.

'धनी, मला पण धुवा ना, गोरी होईन!'

"ही मंजुरी?" ती म्हणाली. तिचा आवाज कुठल्याच फुग्यात आला नाही.

"मूळ मजकूर आहे. फक्त 'गोरा'चं 'गोरी' केलंय, तुमच्या सोयीसाठी. जुने अंक आम्ही स्कॅन केलेत. काळ्याच्या खालचं आम्हाला वाचता येतं."

"मग अब्बांचं का नाही वाचता येत?"

मंदारने फडकं झटकलं. "ते वाचायचं ठरलेलं नाही."

चित्रात जेवढा वेळ मावतो तेवढा वेळ नजीबा ओळीकडे बघत राहिली. ही ओळ अब्बांनी घरी कधीच सांगितली नव्हती. तिने किती तऱ्हांनी विचारलं होतं. प्रत्येक वेळी फुली होती, एवढंच. आणि गोदामातली पुढची सगळी वर्षं.

"वाचा," मंदार म्हणाला. "नुसतं वाचायचंय. वाचलंत की आठवा एपिसोड सहा वाजता लागेल. पहिल्या पानावर. तुमचं चित्रही टाकू."

"नाही वाचलं तर?"

"तर फुगा तसाच राहील. आम्हाला घाई नाही."

"आणि भरला तर?"

त्याचं हसू गालात जरासं हललं. "भरलेला म्हणजे शांतताच. मग मागचे सातही गेले, ताई. पुढचेही. तुम्हीच ऐकू येणार नाही कोणाला. विचार करा. एवढी चांगली बोलता."

ओच्यात फोन सुरूच होता. अब्बांचे काळे फुगे लुगड्यातून एकेक वर येत होते आणि कडेला लागून थांबत होते. लुगडं तिने कधी नेसलं हे तिला आठवेना. डांबऱ्या लुंगी नेसायचा, चट्ट्यापट्ट्यांची. हे लुगडं त्याच चट्ट्यापट्ट्यांचं होतं.

"पेन्सिल द्या," ती म्हणाली.

"कशाला?"

"एक फुली राहिलीय तुमची. माझ्या पायावर."

मंदारने खाली पाहिलं. पाय खरंच राहिला होता. कामात चूक निघालेली त्याला आवडली नाही. त्याने पेन्सिल दिली आणि तपासायला वाकला, आणि वाकताना बाजूने वळला, तेव्हा क्षणभर डेकवर फक्त एक उभी रेघ होती.

नजीबाने पायावर फुली मारली नाही. हात वर करून तिने फुग्याच्या मधोमध, 'गोरी'वरच, दोन रेघा ओढल्या. मग ब्रश बुडवला. शाई जास्त झाली, तशी बाटलीच्या काठाला टेकवून निथळली. अब्बा निथळायचे तशी. कडेपासून सुरुवात करायची आणि आत यायचं, म्हणजे काठ फुटत नाही.

पलीकडच्या कुठल्याशा चौकटीतून सुलभाताई विचारत होत्या, "नजीबा, आहेस ना गं?"

"आहे," ती म्हणाली, आणि ब्रश टेकवला.

डांबऱ्याचा फुगा काळा छापून आला त्या आठवड्यात देवस्थळी रेघा काढून ठेवून गावी गेले होते. निळी पेन्सिल याकूब सिद्दींच्या खिशात होती.