कस्तुराच्या घरघंटीचं कुंकू

कस्तुरा रडत होती आणि मला तिचाच राग येत होता. घरघंटी बंद पडली म्हणून रडली असती तर समजू शकले असते. पण "काकू, माझ्याच हातानं झालं वो," हे तिचं पालुपद मला सोसवेना.

ती परभणीकडची. चिखलीत आमच्या मागच्या खोलीत भाड्यानं राहते. नवऱ्याचं चाकणच्या कंपनीतलं काम सुटल्यापासून आजूबाजूच्या सोसायट्यांच्या दळणावर तिचं घर चालतं. खंडेनवमीला कंपनीत मशिनची पूजा होते, तशी तिनंही केली. घरघंटीचं खालचं दार उघडून मोटरला हळदकुंकू लावलं, नारळ फोडून पाणी शिंपडलं. दसरा झाला आणि दुसऱ्या दिवशी पहिल्याच दळणाला मोटर जळाली. सहा महिन्यांची वॉरंटी गणपतीतच संपली होती.

दुकानाचा मेकॅनिक प्रज्वल मोटर काढून घेऊन गेला. त्याच्या मागोमाग मी कस्तुराला ओढतच दुकानात नेलं.

मालकानं मोटरवरचं कुंकू पाहिलं, कस्तुराच्याच तोंडून नारळाचं ऐकलं आणि त्याला आयतंच कारण सापडलं. "वॉरंटी संपलीय, मॅडम. त्यात हे नारळाचं पाणी! आम्ही काय करणार?"

कस्तुरानं मान खाली घातली. माझं डोकंच फिरलं. "वॉरंटी संपली म्हंजी जबाबदारी संपली व्हय? मोटरीत मुळातच खोट आसंल तर ग्राहक आयोगात जाता येतंय. आमाला काय ठावं न्हाई वाटलं का?"

"खोट कशावरून? पाणी तर यांनीच घातलं ना?"

तेवढ्यात कस्तुरा हळूच म्हणाली, "दादा, तुमच्या मशिनीलाबी कुंकू हाय की."

भिंतीशी मांडलेल्या प्रत्येक घरघंटीवर कुंकवाची बोटं होती, सुकलेला झेंडू होता. त्यातल्याच एकीत गिऱ्हाइकाला दाखवायला गहू दळले जात होते.

"आमचं कुंकू बाहेरून आहे," मालक म्हणाला, पण आवाज उतरला होता.

"पाण्यानं नाही जळाली, शेठ," मागून प्रज्वल बोलला. "उन्हाळ्यात यांची तक्रार आली तेव्हाच मोटर आवाज करत होती. नवी आहे, रुळेल, असं मीच सांगून आलो. तेव्हा वॉरंटी होती. अशाच अजून दोन मोटरी गेल्यात."

मालकानं त्याच्याकडे असं पाहिलं की मला त्या पोराची काळजी वाटली. मग फोन उचलून तो म्हणाला, "कंपनीकडनं नवी मागवतो. तुम्हाला खर्च नाही."

नवी मोटर बसवायला प्रज्वलच आला. कस्तुरा कुंकवाचा करंडा घेऊन दारातच थांबली. पाऊल पुढे टाकेना.

"वहिनी, आधी कुंकू लावा," तो म्हणाला. "मग चालू करतो."

तिनं कुंकू लावलं. घरघंटी सुरू झाली, पीठ पडायला लागलं, आणि ती रडता रडता हसली. नारळ मात्र तिनं पार अंगणात नेऊन फोडला.