कडेकडेने येणारा काळोख

नाताळची संध्याकाळ वांद्र्यावर केशरी पावलांनी उतरली. समुद्राच्या नीलजांभळ्या कडेवर सूर्य विझला आणि गल्लीगल्लीत तारे पेटले. कागदाचे तारे, काचेचे तारे. शुभ्र, शेंदरी, पाचूहिरवे तारे.

त्या तेजोमय कमानीखाली वसईचा इग्नास तुस्कानो उभा राहिला, आणि त्याच्या काळजात गार धार उतरली. दिवे दिसत होते. पण फक्त समोरचे. डावीउजवीकडे काळोख उभा होता. मूक, मखमली, मंदगती काळोख.

डोळ्यांच्या डॉक्टरांनी पावसाळ्यातच सांगितले होते: नजर कडांकडून आक्रसत जाईल आणि एके दिवशी मिटेल. इग्नासने ते घरात कुणालाच कळू दिले नव्हते. म्हणूनच यंदा त्याचा हट्ट, वांद्र्याचे दिवे सगळ्यांनी मिळून बघायचे. लेकीचा लाल झगा, तिच्या गालांवर नाचणारे रंग साठवायचे, डोळे भरभरून साठवायचे.

चिमुरडी क्लॅरा त्याचे बोट धरून चालत होती. मागून सिसिलिया, त्याची बायको, केकच्या दुकानांपाशी रेंगाळत येत होती.

तेवढ्यात ढोल वाजले. नाताळगीते गात पोरांचा जथा आला, गर्दी भरतीसारखी फुगली, आणि इग्नासच्या मुठीतून ते इवले बोट निसटले.

“क्लॅरा!”

तो गरकन वळला. नजरेच्या वाटोळ्या झरोक्यात चेहरेच चेहरे, अनोळखी, हसरे, प्रकाशस्नात चेहरे. एक लाल झगा दिसला. धावला. कुणा परक्याची पोर. पुन्हा लाल काही लकाकले, फुगा. “क्लॅरा! क्लॅरा!” दिव्यांचा तो महासागर, आणि त्यात त्याला त्याचा एक थेंब सापडेना.

“पप्पा, मी इथंच आहे ना!”

आवाज त्याच्या कोपराशी होता. त्याच्या सदऱ्याचे टोक मुठीत घट्ट धरून, त्याच्यामागे फरफटत, ती तिथेच होती. झगमगत्या ताऱ्याखाली, नखशिखांत उजळलेली.

सिसिलियाने सगळे पाहिले होते. गर्दीतून वाट काढत ती पुढे आली.

“शेजारी होती तुझ्या. दिसली नाही तुला?”

“नाही.”

“कधीपासून?”

“पावसाळ्यापासून. अंधार पडला की फारच.” त्याचा स्वर फुटला. “वाढत जाणार आहे, सिसिलिया.”

“आणि पोरीला मोटारसायकलवरून शाळेत सोडतोस रोज!” ती कडाडली; मग ओठ दाबून, हळूच म्हणाली, “चावी दे इकडे.”

त्याने दिली. तिने एका हाताने त्याचा दंड धरला, दुसऱ्याने लेकीचे मनगट. आणि तिघे गर्दीबाहेर, उताराच्या वाटेने, समुद्राकडे निघाले.

तारे मागे पडले, गाणी मागे पडली. कठड्यापाशी निबिड, निराकार अंधार होता. तिथे कुणालाच काही दिसत नव्हते. इग्नासला भीती वाटत होती. आणि त्याच्या दंडावरची सिसिलियाची बोटेही थरथरत होती, थरथरत होती, पण सुटत नव्हती.

आणि खाली, त्या अथांग काळिम्यात, न दिसणारा समुद्र येत राहिला, खडकांवर फुटत राहिला, पुन्हा येत राहिला.