ढकलायचं नाही, हाकायचं

त्या दवाखान्यात एक्स-रे काढायचं एक फिरतं यंत्र होतं, आणि ते फिरायचं ढकलमामांच्या दोन हातांनी. ज्या पेशंटला खाटेवरून हलवता येत नाही, त्याच्यापर्यंत यंत्रानंच जायचं. यंत्र चांगलं वजनदार, चाकं कुरकुरणारी, त्यातलं एक कायम डावीकडे ओढणारं, माहेर तिकडे असल्यासारखं. पण सव्वीस वर्षांत मामांनी ते कुणाच्या अंगठ्यालाही लागू दिलं नव्हतं. "सरका, सरका, फोटोगाडी आली!" अशी हाळी दिली की माणसं भिंतीला पाठ लावून उभी राहत.

मग नवं यंत्र आलं. ते आपलं आपण चालायचं.

त्याच्याबरोबर कंपनीचा माणूस आला, गळ्यात टाय आणि तोंडात साखर. त्यानं सगळ्यांना गोळा करून समजावलं की यंत्राला चारी अंगांनी सेन्सर आहेत. वटवाघूळ अंधारात बारीक चीत्कार करतं आणि तो भिंतीवर आपटून परत आला की भिंत किती लांब ते ओळखतं, तसंच हे. समोर काही आलं तर थांबेल. काही अंगावर आलं तर मागेपुढे सरकून वाट देईल. पण कशालाही हातभर अंतराच्या आत येऊ देणार नाही.

"कशालाही?" मामांनी विचारलं.

"अगदी कशालाही!" टायवाला छाती फुगवून म्हणाला.

मामांना पुढे काही विचारायचं होतं, पण मोठे साहेब बोलू लागले. मोठे साहेब दवाखान्याचा कारभार पाहत. त्यांना सुई पाहून घेरी यायची, यंत्रं मात्र भारी आवडायची. "सोमवारी चाचणी," ते म्हणाले. "नऊ नंबरच्या खाटेपर्यंत यंत्र माणसाचा हात न लागता गेलं आणि फोटो निघाला, की पास. मग पहिल्या तारखेपासून ढकलायला माणूस नको. कळलं ना, मामा?"

न कळायला काय झालं? निवृत्तीला चार वर्षं होती. घरी मामी उशांना अभ्रे घालत होत्या. ऐकून म्हणाल्या, "आपटू दे मेलं कुठंतरी!"

"आपटणार नाही गं. तीच तर त्याची खोड आहे."

सोमवारी सकाळीच जुनं यंत्र भंगारात गेलं. नव्याची दृष्ट काढायची तेवढी बाकी होती. साहेबांनी मामांना खिशात हात घालून मागून चालायचा हुकूम दिला, म्हणजे उद्या कुणी हात लावला म्हणायला नको.

यंत्र निघालं. फरशी पुसायच्या बादलीपाशी थांबलं. वाऱ्यानं हललेल्या पडद्यापाशी थांबलं. वजनकाट्यासमोर थांबून "कृपया मार्ग मोकळा करा" असं बाईच्या आवाजात तीनदा म्हणालं. काटा शेवटी उचलून न्यावा लागला. नव्या सुनेनं पहिले चार दिवस वागावं तसं त्याचं वागणं. मामा कंटाळून जरा जवळ गेले, तर ते पाठीत चिमटा काढल्यासारखं टुणकन पुढे झालं. मामांनी ते पाहिलं आणि मनात ठेवलं.

पाऊण तासानं एकदाचं नऊ नंबरपाशी पोचलं. खाटेवर एक आजी होत्या. सकाळपासून दम लागलेला, नाकाला ऑक्सिजनची नळी. छातीत फुप्फुसाभोवती पाणी साचलंय की हवा, हे फोटोशिवाय ठरत नव्हतं आणि तोवर डॉक्टरीणबाई सुई घालायला धजत नव्हत्या.

यंत्र खाटेपासून हातभर अंतरावर थांबलं. "कृपया मार्ग मोकळा करा."

"कुठं जाऊ... बाई?" आजी धापा टाकत म्हणाल्या. "तूच... सांग."

यंत्राचा लांब हात छातीवर यायला हवा होता, तो खाटेच्या काठाशीच अडला. हत्ती गेला आणि शेपूट राहिलं. अडथळा टाळायला शिकवलेल्या यंत्राला खाट हाही अडथळाच, हे टाय बांधलेल्या एकाही डोक्यात आलं नव्हतं.

"मग खाट पुढे घ्या!" साहेब कडाडले. खाट वीतभर पुढे घेतली. यंत्र अदबीनं वीतभर मागे झालं. पुन्हा खाट पुढे, पुन्हा यंत्र मागे. शेवटी ऑक्सिजनची नळी ताणली गेली आणि तो खेळ संपला.

"अंतराचं ते बंद करा ना!" डॉक्टरीणबाई ओरडल्या.

"त्याला वरून परवानगी लागते," टायवाला घाम पुसत म्हणाला. "आमच्या कंपनीचे वरचे साहेब मीटिंगमध्ये आहेत. आणि यंत्रच बंद केलं तर चाकं जाम होतात."

एक्स-रे काढणाऱ्या बाईंनी मामांकडे पाहिलं. "मामा, काहीतरी करा हो."

"मला हात लावायचा हुकूम नाही, बाई," मामा म्हणाले. त्यांना गंमतही वाटत होती आणि बरंही. आता नुसतं गप्प राहायचं होतं. यंत्र नापास, मामा पास.

तेवढ्यात आजींनी चादर मुठीत धरली. ओठ निळसर पडू लागले होते. नोकरीवर पाणी सोडायचं की नाही, याचा विचार करायला मामांना तेवढीच मूठ पुरली.

"ढकलायचं नाही ना? मग हाकतो," ते म्हणाले. "बाई, तो शिशाचा अंगरखा माझ्या गळ्यात अडकवा. माझे हात खिशात आहेत."

किरणं अडवणारा तो जड अंगरखा चढवून मामा यंत्राच्या मागे गेले आणि पोट पुढे काढून एक पाऊल सरकले. यंत्र पुढे झालं. खाट जवळ आली म्हणून थबकलं. मामा आणखी जवळ गेले. पुढे खाट, मागे मामा, आणि जो जास्त जवळ त्याचं भय जास्त. बिचारं यंत्र मामांना भिऊन इंच इंच खाटेला चिकटलं आणि त्याचा हात अलगद आजींच्या छातीवर आला.

"श्वास धरा, आजी!" बाई म्हणाल्या.

"धरायला... आहे कुठं?"

फोटो निघाला. छातीत हवा होती. डॉक्टरीणबाईंनी सुई घातली, सुस्स आवाज झाला आणि पाच मिनिटांत आजी पाणी मागू लागल्या.

साहेबांनी टाळ्या वाजवल्या, यंत्राकडे बघून. अहवालात लिहिलं गेलं: "यंत्र मानवी हस्तस्पर्शाविना खाटेपर्यंत पोहोचले. कर्मचारी खिशात हात घालून मागे उभा होता." पहिल्या तारखेला मामांनी गणवेश धुऊन परत केला.

दुसऱ्या तारखेला यंत्र चार नंबरच्या खाटेपासून हातभर लांब उभं राहिलं. मागे खुर्ची ठेवून पाहिली, पण खुर्ची काही पुढे सरकेना. सलाईनचा खांब लावून पाहिला, तर तो सरकवायला माणूस लागला. एक्स-रेच्या बाईंनी साहेबांच्या टेबलावर मुठी आपटल्या. कंपनीनं मात्र चूक कबूल केली नाही. तिनं पत्र पाठवलं की यंत्राच्या उत्तम कार्यासाठी मागील बाजूस कंबरेच्या उंचीचा, स्वतः चालणारा अडथळा आवश्यक आहे, आणि तो दवाखान्यानं पुरवावा.

आठवड्यानं मामांच्या घरी लिफाफा आला. मामांनी चष्मा लावून तो मोठ्यानं वाचला. नोकरी निवृत्तीपर्यंत कायम. पदनाम: अडथळा, मागील.

"अडथळा?" मामींनी विचारलं. "पदच अडथळा?"

"शिक्क्यानिशी."

"आणि त्याला हे लोक आठवडाभर माणूस शोधत होते?" मामी म्हणाल्या. "मला विचारायचं. मी लेखी दिलं असतं, तुम्हाला घरात तीस वर्षांचा अनुभव आहे म्हणून."