नवरदेवाची सुरी

या लग्नात दत्ताराम परबांना काय मिळणार होतं ते आधी मांडून ठेवू. नवरा त्यांचा पुतण्या निलेश, मुलगी मानखुर्दची, हॉल भावाने घेतलेला. दत्तारामांनी करायचं होतं एवढंच, की देवाच्या फळीवरची सुरी उचलून निलेशच्या हातात द्यायची. बदल्यात सख्खा धाकटा भाऊ विद्याधर, जो बारा-तेरा वर्षं मुलुंडला राहून घाटकोपर-भटवाडीच्या या दाराशी फिरकला नव्हता, तो बायकापोरांसकट परत येणार होता. वर हळद यांच्याच बिल्डिंगच्या गच्चीवर, मांडवात पहिल्या रांगेत खुर्ची, डोक्याला फेटा. इतक्या कमी भांडवलावर एवढी कमाई भटवाडीत दुसऱ्या कुणाला जमली नसती.

सुरीचं सांगायला हवं. हळद लागली की नवऱ्याने लोखंड सोडायचं नाही, ही रीत. हातात सुरी, तिच्या टोकाला लिंबू खोचलेलं, आणि लग्न लागेपर्यंत अंघोळीला, जेवायला, झोपायला ती सोबत. इतरांच्या घरी त्यासाठी स्वयंपाकघरातली सुरी चालते. भटवाडीत मात्र परबांकडची मागून न्यायची. गावाहून आलेली, शिंगाच्या मुठीची, काळ्या चामड्याच्या म्यानातली. म्यानाच्या टोकाला पितळेची टोपी. तिला घेऊन पोरं बँकेत गेली, सलूनमध्ये बसली, एकजण तर ती कमरेला खोचून गॅसच्या ऑफिसात भांडून आला.

ती म्यानाबाहेर मात्र काढायची नाही. हा नियम दत्तारामांचा. तिसऱ्या मजल्यावरच्या किरणच्या हळदीत, जरा जास्त झाल्यावर, नाचता नाचता सुरी बाहेर आली होती आणि बेंजोवाल्याच्या दंडाला टाके पडले होते. तेव्हापासून दत्ताराम सांगत, ही निघाली की रक्त मागते. मग लिंबू खोचणार कशात? तर दत्तारामांनी ते लाल दोऱ्याने म्यानाच्या टोपीला बांधायला सुरुवात केली. रीत थोडी वाकली, पण ज्याची सुरी त्याची रीत. उलट म्यानातल्या सुरीचा दरारा उघड्या सुरीपेक्षा जास्त झाला.

खरी कमाई मात्र सुरीची नव्हती, न काढलेल्या सुरीची होती. किरणच्या हळदीनंतर वर्षाने, बिल्डिंगच्या जागी चाळ होती तेव्हा, दोघे भाऊ गावच्या गणपतीवरून भांडले. विद्याधरचं म्हणणं, गणपती मुंबईला आणू. दत्ताराम म्हणाले, मी मेल्यावर आण. शब्दाने शब्द वाढला, विद्याधर बापाविषयी काहीतरी बोलून गेला आणि दत्ताराम तरातरा आतल्या खोलीत गेले. फळीवरून सुरी उतरवल्याचा आवाज बाहेर सगळ्यांनी ऐकला. विद्याधर भिंतीला पाठ लावून उभा. थोड्या वेळाने दत्ताराम बाहेर आले ते रिकाम्या हातांनी.

"मुठीला हात घातला होता," ते म्हणाले. "पण आईचा चेहरा दिसला. जा तू."

विद्याधर गेला. ते वाक्य मात्र इथेच राहिलं आणि वाढत गेलं. कुठे दोन घरांत जुंपली की लोक दत्तारामांना बोलावत, कारण हात आवरणं म्हणजे काय ते या माणसाला ठाऊक. मुलुंडला बसून विद्याधरही मुलांना हेच सांगत आला, दादाने मला सोडलं, नाहीतर तुम्हाला बाप नव्हता. आणि शेवटी निलेशच्या लग्नाचं निमित्त करून तो त्याच वाक्याचा हात धरून परत आला.

हळद झकास झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी निलेश, कानामागे अजून पिवळा, बूट घालायला लागला. साकीनाक्याच्या पॅकिंगच्या कारखान्यात तो सुपरवायझर. डाय, म्हणजे पुठ्ठा कापायचे साचे, ठेवायच्या कपाटाची चावी चुकून त्याच्याच खिशात राहिली होती आणि तिकडे मशीन बंद पडलं होतं.

"हळद लागलेला नवरा कुठे हिंडतो का रे?" त्याची आई, कुंदा, म्हणाली.

"मेट्रोने जातो नि येतो. काकांची सुरी आहे ना बरोबर."

"असूंदे गो," दत्ताराम सोफ्यावरून म्हणाले. "ती असताना त्याका काय होतला?"

मेट्रोच्या तपासणीला निलेशने बॅग पट्ट्यावर ठेवली. पडद्यासमोर बसलेल्या बाईच्या छातीवरच्या पट्टीवर 'सपना' लिहिलेलं होतं. तिने पट्टा थांबवला.

"बॅगेत काय आहे, दादा?"

"सुरी. नवरदेवाची. काल हळद झाली."

"ते दिसतंय. पण चाकू नेता येत नाही आत. काढून दाखवा."

"म्यानातून काढत नाही आम्ही. काढली की रक्त मागते ती."

"मग राहू दे बाई तिला आतच." सपनाने म्यान एकटंच ट्रेमध्ये घालून पुन्हा फिरवलं. पडद्याकडे पाहिलं, मागे घेतलं, परत पाहिलं. "इकडे या जरा. ही मूठ. हे तुमचं लिंबू. पातं कुठाय?"

निलेश वाकला. पडद्यावर म्यानाची फिकट सावली होती, आणि तिच्यात मुठीतून निघालेली एक अरुंद काळी रेघ, म्यानाच्या मध्यावरच संपलेली. बाकी म्यान पोकळ.

"गंजून बारीक झालं असेल," तो म्हणाला.

"गंजलेलं पण दिसतं यात. रोज हजार डबे बघते मी, भाजीतला चमचासुद्धा दिसतो. याला धार नाही, टोक नाही. कसलं पातं हे?" तिने म्यान त्याच्या हातात दिलं. "जा तुम्ही. हे काही चाकूत बसत नाही."

आत जायची परवानगी मिळाली आणि नवरदेवाचे पाय उलटे वळले. चावी एका ओळखीच्या पोराच्या हाती पाठवून तो तसाच भटवाडीला चालत आला.

घरात तेव्हा चौघंच होती. दत्ताराम आणि विद्याधर चहा पीत होते, कुंदा अक्षता निवडत होती आणि दत्तारामांची बायको शेवंती स्वयंपाकघराच्या ओट्याशी उभी राहून दुधी चिरत होती. गुडघे गेल्यापासून तिने विळी सोडली होती. जे काय चिरायचं ते उभ्याने, सुरीने.

निलेशने म्यान टीपॉयवर ठेवलं.

"हिच्यात पातं नाहीये."

"नाहीये म्हणजे?" विद्याधर म्हणाला.

"म्हणजे नाहीये, पप्पा. मेट्रोत मशीनमध्ये बघितलं मी. डोळ्यांनी."

कुंदाच्या हातातलं ताट कलंडलं आणि अक्षता फरशीवर पसरल्या. कुणी त्या उचलल्या नाहीत. टीपॉयभोवतीची सगळी म्यानाकडे बघत होती, आणि म्यान नेहमीसारखंच दिसत होतं, हे जास्त भयंकर होतं.

"म्हणजे कालपासून माझा पोरगा..." कुंदा दत्तारामांकडे वळली. "भावोजी, मागच्या वेळी नेली कुणी होती? कुणीतरी बदललीय ही. आता लग्न उद्यावर आलंय आणि ही अशी. त्या मानखुर्दवाल्यांना कळलं तर वाट लागेल."

दत्तारामांचा कप अर्ध्यावर थांबला होता. भाऊ परत येऊन अजून आठवडा झाला नव्हता, आणि तो ज्या सुरीसाठी आला तिचं हे असं झालेलं. अशा वेळी दत्ताराम गडबडत नसत. त्यांनी कप खाली ठेवला आणि समजूत काढायचा तो त्यांचा प्रसिद्ध आवाज लावला.

"कुंदा, घाबरू नको. अगो, लोखंडाशी मतलब. उलथन्याचा दांडा झाला म्हणून काय झालं, लोखंडच ना तो?"

स्वयंपाकघरातला चिरण्याचा आवाज थांबला.

शेवंती दारात आली. एका हातात सुरी, तिला दुधीचं हिरवं साल चिकटलेलं.

"उलथन्याचा म्हणून कुणी सांगितलं तुम्हाला?"

"हा निलेश आताच बोलला ना."

"मी पातं नाही एवढंच बोललो, काका."

शेवंतीने मान हलवली. ती बोलायला लागली ती नवऱ्याशी, पण बघत होती म्यानाकडे. "किरणच्या हळदीनंतर तुम्ही नियम केलात. प्यायलेला माणूस नियम पाळतो होय? त्याच आठवड्यात मी पातं काढून घेतलं. साकीनाक्याला माझ्या मैत्रिणीच्या नवऱ्याचं वर्कशॉप होतं, तिथे नेलं. मूठ उगाच हलायला नको म्हणून आपल्या मोडक्या उलथन्याचा दांडा बसवून घेतला. आणि पात्याला लाकडी मूठ लावून घेतली. ही." तिने हातातली सुरी थोडी वर केली. "इतकी वर्षं रोज हिनेच चिरते मी. मासे, भाजी, सगळं."

सगळ्यांनी त्या सुरीकडे पाहिलं. झिजून बोटाएवढी उरली होती. सकाळच्या पोह्यांतला कांदा तिनेच चिरला होता. भटवाडीतल्या निम्म्या नवऱ्यांनी मोडकं उलथनं कमरेला लावून मंगलाष्टका ऐकल्या होत्या, आणि दृष्ट लागायची ती कुणालाच लागली नव्हती. निदान इतरांहून जास्त लागली नव्हती. एरवी यावर घर हसलं असतं.

"चोरी नाही काही," शेवंती म्हणाली. "ते वर्कशॉपवाले वारले. त्यांच्यानंतर हे मला एकटीला ठाऊक. तुम्हाला कसं?"

"दिसलं होतं एकदा," दत्ताराम म्हणाले. "दसऱ्याला पुसताना."

"मग वैनीला विचारलं का नाहीस?" हे विद्याधर. त्याचा आवाज अगदी साधा होता. "तुझी एक चप्पल हरवली तरी तू चाळ डोक्यावर घ्यायचास. गावाहून आणलेली सुरी म्यानातून गायब, आणि तू गप्प?"

दत्तारामांनी कप उचलला. चहावर साय धरली होती.

"दादा, त्या दिवशी आत फळीवरून काढलीस ती. मी ऐकलं."

"मुठीला फक्त हात..."

"मुठीला हात लावून दांडा कळत नाही. ओढून काढावी लागते."

निलेशने म्यान उचललं, कुणाला न विचारता मुठीला धरून ओढलं. मुठीला जडलेली चार-पाच बोटं लांब काळपट पट्टी म्यानाबाहेर आली. टोकाला भोक होतं, उलथनं खिळ्याला अडकवायचं असतं ते. रक्त कुणी मागितलं नाही.

"पातं असतं तरी मी काय..." दत्ताराम म्हणाले आणि थांबले.

"ते तुला ठाऊक नाही," विद्याधर म्हणाला. "मला पण नाही. मी पोरांना काय काय सांगितलं रे तुझ्याबद्दल."

तो उठला. कुंदाला वाटलं, बॅगा भरायला निघाला. तो शेवंतीपाशी गेला आणि वाकून तिच्या पायांना हात लावला. शेवंतीला ते कळलंच नसावं. ती नवऱ्याकडे बघत होती. त्या भांडणाच्या दिवशी ती याच सुरीने भाजी चिरत होती. नवरा आत गेल्याचं, सुरी उतरवल्याचं तिनेही ऐकलं होतं आणि ती जागची हलली नव्हती, कारण आत काही नाही हे तिला माहीत होतं. मग तो बाहेर येऊन आईच्या चेहऱ्याचं बोलला. काढली असती तर माझ्यावर ओरडला असता, ओरडला नाही, म्हणजे काढलीच नाही. असा हिशेब तिने त्या रात्री लावला होता आणि त्या हिशेबावर इतकी वर्षं या माणसाच्या ताटात वाढलं होतं.

"एका शब्दाने बोलला नाहीत," ती म्हणाली. "मला वाटत होतं, मी तुमच्यापासून लपवतेय."

दत्ताराम म्यानावरच्या लिंबाची गाठ सोडवत बसले. बोटांना ती सुटत नव्हती. शेवटी कुंदाने लिंबू त्यांच्या हातातून ओढून घेतलं, शेवंतीच्या हातातली सुरी नळाखाली धुतली, तिच्या टोकात लिंबू खोचलं आणि निलेशला दिली. म्यानात ती बसली नसती. मूठ वेगळी होती, पातं झिजलेलं होतं. लिंबू हेच तिचं म्यान झालं.

दुसऱ्या दिवशी लग्न वेळेवर लागलं. मानखुर्दवाल्यांना काही कळलं नाही. दत्ताराम पहिल्या रांगेत फेटा बांधून बसले, फोटोत आहेत. विद्याधरने त्यांच्याकडे पानाचं ताट पुढे केलं, "घे, दादा" म्हणाला, आणि पुढच्या माणसाकडे वळला. चार दिवसांनी तो मुलुंडला गेला. फोन करतो, पण वैनीला.

आता शेवटचा हिशेब. निलेशला पातं मिळालं. शेवंतीने परत मागितलं नाही. विद्याधरला कळायचं ते कळलं. दत्तारामांकडे म्यान राहिलं, आत दांडा. हल्ली कुणी मागायला येत नाही, आणि भांडणं मिटवायलाही कुणी बोलावत नाही. हे बाहेर कुणी फोडलं ते माहीत नाही. त्यांचं एवढंच गेलं, आणि तेही मुळात त्यांचं नव्हतं.

शेवंतीने बाजारातून नवी सुरी आणली, निळ्या मुठीची. जुनी सुरी वर्षानुवर्षं ओट्यावर उघडी पडलेली असायची. नवी सुरी ती मासे कापून झाले की धुते, पुसते, फडक्यात गुंडाळते आणि कपाटात ठेवून कुलूप लावते. किल्ली तिच्या कमरेला असते. दत्ताराम सोफ्यावर बसून ते रोज बघतात.