बघू म्हणणाऱ्या घरातला थर्मास

मी एक थर्मास बोलतोय. लाल पत्र्याचा आणि काचेच्या पोटाचा. मी रागात आहे हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे वस्तूंनी कसं गोड बोलावं हे नंतर कोणी शिकवायला येणार नाही.

मुलुंड पूर्वेला एका इमारतीच्या चौथ्या मजल्यावर, हॉलमधल्या शोकेसमध्ये मी उभा आहे. एका बाजूला शिंपल्यांचा गणपती आहे, दुसऱ्या बाजूला कॅरमच्या स्पर्धेत मिळालेली ढाल. माझं बूच कुठेतरी फेकलंय आणि तोंडात प्लास्टिकचे गुलाब खोचलेत. पाहुणे आले की मला उचलून दाखवतात. "ओरिजिनल चायनाचा आहे हां." पाहुणे लगेच फोन काढून माझा फोटो घेतात. तो फोन कुठे बनला हे मात्र कोणी विचारत नाही.

माझ्या पोटात एकात एक अशा दोन काचेच्या बाटल्या आहेत. त्यांच्या मधली हवा काढून घेतलेली असते, म्हणून आतली ऊब आत राहते. सकाळी भरलेलं पाणी संध्याकाळी वाफाळतं. माझा जन्म एवढ्यासाठीच झाला आणि हे काम मी चोख केलं.

चीनच्या उत्तरेला चांगछुन नावाचं थंड शहर आहे. तिथल्या विद्यापीठाच्या फाटकाबाहेर वर्ष सुरू होताना गाद्या, बादल्या, हँगर आणि थर्मास यांचे ढीग लागतात. अशाच एका ढिगातून गंधालीने मला निवडलं. ती चिनी भाषा शिकायला मुलुंडहून आली होती आणि तिला 'नमस्कार' आणि 'धन्यवाद' एवढंच येत होतं. दुकानदाराने अंगठा आणि करंगळी ताणून किंमत दाखवली. तिथे ती सहाची खूण. आपल्याकडे ती खूण म्हणजे 'फोन कर'. गंधालीने निमूट आपला फोन काढून त्याच्या हातात दिला. दुकानदार पोट धरून हसला आणि ती कानापर्यंत लाल झाली.

तिथे नळाचं पाणी कोणी पीत नाही. वसतिगृहाच्या खोलीत शेगडी किंवा हीटरची कॉइल सापडली तर जप्त होते. म्हणून प्रत्येक मजल्यावर गरम पाण्याची खोली असते. कार्ड टेकवायचं, थर्मास भरायचा आणि खोलीवर न्यायचा. संध्याकाळी भिंतीशी आमची रांग लागायची, सगळे लाल आणि सगळे सारखे. गंधालीने नेलपॉलिशने माझ्या मुठीवर 'ग' काढला.

"हे काय आहे?" तिच्या खोलीत राहणाऱ्या आयगेरिमने विचारलं. ती कझाकस्तानची. दोघींची मिळून एकच भाषा होती, अर्धवट येणारी चिनी.

"माझ्या नावाचं पहिलं अक्षर."

"तुमची अक्षरं दोरीवर वाळत घातल्यासारखी दिसतात."

रोज सकाळी वर्गात बाई शब्द उच्चारायच्या आणि मुलांनी ते लिहायचे. आदल्या दिवशी गंधाली एकेक अक्षर पानभर गिरवायची. रेघ वरून खाली की डावीकडून उजवीकडे, हे चुकलं की पुन्हा पान. एकच आवाज चार सुरांत म्हणून म्हणून तिचा घसा बसायचा. मग ती माझं बूच काढायची आणि कपभर पाणी प्यायची. रडायची तेव्हाही माझ्याजवळच बसायची, कारण मी गरम होतो आणि मी कोणाला सांगत नाही.

हिवाळा लागल्यावर एक गोष्ट घडली. वरच्या मजल्यावरची एक उंच मुलगी मला उचलून चालू लागली. गंधाली कधी दुकानदारालाही जास्तीचं काही विचारायची नाही, पण ती धावत जाऊन जिन्यात आडवी उभी राहिली.

"हा माझा आहे."

"सगळे लाल आहेत. तुझा कशावरून?"

"अक्षर बघ. तू चोर नाहीस. तू आंधळी आहेस."

दारात बसणाऱ्या, वसतिगृह सांभाळणाऱ्या बाई आवाज ऐकून वर आल्या. त्यांनी मूठ पाहिली आणि मला गंधालीच्या हातात दिलं. "वर्गात इतकं बोलतेस का गं?" त्या म्हणाल्या. गंधाली खोलीवर आली तेव्हा तिचा चेहरा फुलला होता. आयगेरिमने तिला मिठी मारली. भांडता आलं म्हणजे भाषा आली, असं तिचं म्हणणं होतं.

वर्ष संपलं. गंधाली परीक्षेत चांगली पास झाली. विद्यापीठाने तिच्यासाठी पुढच्या चार वर्षांच्या पदवीची जागा आणि शिष्यवृत्ती राखून ठेवली. जुलै संपायच्या आत होकार कळवायचा होता. उन्हाळ्याच्या सुट्टीत घरी येताना तिने मला स्वेटरमध्ये गुंडाळून बॅगेच्या मधोमध ठेवलं. आईला गरम पाणी पाजायचं आणि परत जाताना मला घेऊन जायचं, असा तिचा बेत होता. पण आईने मला शोभेची वस्तू म्हणून थेट शोकेसमध्ये ठेवलं.

आता माझ्या रागाचं खरं कारण सांगतो.

गंधालीचे बाबा, नंदकिशोर, विमा कंपनीत अधिकारी आहेत. आई, शुभा, भांडुपला एका शाळेत शिकवते. दोघंही भली माणसं आहेत, कधी आवाज चढवत नाहीत. आणि या घरात 'नाही' म्हणायची पद्धत नाही. इथे 'बघू' म्हणतात.

घरी आल्याच्या दुसऱ्याच दिवशी गंधाली म्हणाली, "बाबा, मला पदवीला जागा मिळालीय. चार वर्षं. जुलै संपायच्या आत कळवायचंय."

"अरे वा," नंदकिशोर म्हणाले. "बघू."

ती स्वयंपाकघरात गेली. "आई, बाबा बघू म्हणाले."

"म्हणजे विचार करतायत. सारखी मागे लागू नकोस, चिडतील."

म्हणून ती मागे लागली नाही. आठवड्याने तिने पुन्हा विचारलं तेव्हा बाबा पेपर उलटत म्हणाले, "अगं हो, बघू ना." आणि ती कॉलेजच्या मैत्रिणीकडे गेली असताना याच हॉलमध्ये, माझ्यासमोर, नंदकिशोर शुभाला म्हणाले, "पोरगी परत काही बोलली नाही. उतरलं वाटतं खूळ."

"असेल," शुभा म्हणाली आणि मटार सोलत राहिली.

मला तोंड आहे पण आवाज नाही. असता तर त्या दिवशी शोकेसची काच फुटली असती. मुलीला वाटतंय, बाबा विचार करतायत. बाबांना वाटतंय, मुलगी विसरली. दोघं एकाच टेबलावर जेवतात, एकमेकांना लोणचं वाढतात, आणि ज्या गोष्टीवर तिची चार वर्षं अवलंबून आहेत तिच्याबद्दल चकार शब्द काढत नाहीत.

पाहुणे मात्र आले की तिला बोलवायचं. नंदकिशोर यांचे शाळेपासूनचे मित्र भाऊराव यांचं घाटकोपरला दिव्यांच्या माळांचं दुकान आहे. माल चीनहून येतो. ते आले की सोफ्यात रुतून बसायचे.

"काय गं, चिनी मैना. बोलून दाखव काहीतरी."

"काय बोलू, काका?"

"काहीही बोल यार. शिव्या तरी येतात का?"

सगळे हसले. गंधालीने कुठलंसं एक वाक्य म्हटलं आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. त्या वाक्याचा अर्थ कोणी विचारला नाही. ती म्हणाली होती, "मला इथून जायचं आहे." ते फक्त मला कळलं.

"झाली की तयार," भाऊराव म्हणाले. "आमचा पोरगा देवव्रत कॉम्प्युटरची जावा भाषा वर्षात शिकून कामाला पण लागला. अजून काय शिकायचं असतं भाषेत? मराठी कोणी शिकवलं आपल्याला?"

नंदकिशोर हसून मान हलवत राहिले. चुकून त्या माणसाला कोणी सांगितलं असतं की चिनी वर्तमानपत्राचं एक पान वाचायला गंधालीला अजून शब्दकोश उघडून बसावं लागतं, तर बरं झालं असतं. सांगायला हवं होतं तिने. पण वसतिगृहाच्या जिन्यात अनोळखी मुलीला आंधळी म्हणणारी ही पोर आपल्याच हॉलमध्ये, आपल्याच भाषेत मुकी होती.

जुलैच्या शेवटच्या संध्याकाळी ती फोन हातात धरून सोफ्यावर बसली होती. आई-बाबांनी हो म्हटल्याशिवाय होकार कळवणं तिच्या बोटांना जमलं नाही. शुभाने आतून विचारलं, "चहा घेणार का?" ती हो म्हणाली. त्या घरात तेवढ्या एकाच प्रश्नाला लगेच उत्तर मिळायचं.

ऑगस्टमध्ये नंदकिशोर पेढे घेऊन आले. "भाऊरावाकडे तुझं पक्कं केलं. गणपतीनंतर जायचं. फॅक्टरीवाल्यांशी बोलायला त्याला तूच हवीस."

"बाबा, मला परत जायचं होतं."

"कुठे?"

"चांगछुनला. पदवीला."

नंदकिशोर खरोखर चकित झाले. "अगं मग बोलायचंस ना."

"बोलले होते. तुम्ही बघू म्हणालात."

"म्हणजे मी नाही कुठे म्हणालो?"

"हो तरी कुठे म्हणालात?"

पेढ्यांचा पुडा टेबलावर तसाच राहिला. गंधाली घाटकोपरला गेली नाही. भाऊरावांना तिने स्वतः फोन करून सांगितलं, आणि तिकडून ते काय बोलले ते ऐकून तिने फोन खाली ठेवला. याच सुमारास शुभाने शोकेस आवरताना माझ्या तोंडात गुलाब खोचले. गंधालीने पाहिलं, पण काढले नाहीत.

काल रविवार होता. दुपारी गंधाली येऊन बाबांच्या खुर्चीसमोर उभी राहिली.

"पुढच्या वर्षीसाठी मी पुन्हा अर्ज करतेय. जागा मिळेलच असं नाही. मिळाली तर जाऊ?"

"बघू."

"बघू नको, बाबा. हो किंवा नाही सांगा."

"ही काय पद्धत झाली बोलायची?"

ती हलली नाही. स्वयंपाकघरातला भांड्यांचा आवाज थांबला. नंदकिशोर यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"नाही," ते म्हणाले.

मला वाटलं, ती कोसळेल. पण ती समोरच्या स्टुलावर बसली. "का?"

"तुला तिकडे ताप आला होता तेव्हा मी फोन धरून बसलो होतो. समोर दिसत होतीस आणि कपाळाला हात लावता येत नव्हता. परत तसं बसायचं नाहीये मला."

"हे तेव्हाच सांगायचंत ना."

"बापाने असं सांगायचं असतं का?"

"सांगायचं असतं," दारात येऊन उभी राहिलेली शुभा म्हणाली. "मला पण सांगितलं नाहीत. आणि मी पण विचारलं नाही."

तो ताप मी पाहिला होता. आयगेरिम वर्ग बुडवून मला भरून आणत होती. वसतिगृहाच्या दारातल्या बाईंनी घरून भाताची पेज आणली होती आणि गंधालीने ती संपवेपर्यंत उठल्या नव्हत्या. गंधालीने हे सगळं काल पहिल्यांदा सांगितलं.

"हे तू कधी बोलली नाहीस," नंदकिशोर म्हणाले.

"तुम्ही ताप उतरला का एवढंच विचारलंत."

"आणि पुन्हा आजारी पडलीस तर?"

"पडेन. इथे पण पडते."

"उलट बोलू नकोस."

"उलट नाही, बाबा. सरळ बोलतेय."

मग तिघंही एकदम बोलायला लागले. कोणाचं कोणाला पटत नव्हतं. शुभाची भाजी गॅसवर करपली, हॉलभर वास सुटला, पण उठलं कोणीच नाही.

आज पुन्हा तोच विषय चालू आहे. बाबांचं 'नाही' अजून 'नाही'च आहे. मी परत त्या गरम पाण्याच्या खोलीत जाईन की इथेच धूळ खाईन, मला माहीत नाही. एक वर्ष वाया गेलं ते गेलं, आणि त्याचा राग मी सोडणार नाही. ऊब धरून ठेवण्यात माझा हात कोणी धरू शकत नाही. पण कालच्या त्या 'नाही'चा मला राग आला नाही. त्याच्याशी निदान भांडता येतं.

तुमच्या घरी कोणी तुम्हाला काही विचारून उत्तराची वाट बघत असेल तर आजच तोंड उघडा. हो म्हणायचं असेल तर हो म्हणा. भीती वाटत असेल तर भीती वाटते म्हणा. फक्त माझ्यासमोर 'बघू' म्हणू नका.